मोजणारा हात

सातपुड्याच्या पायथ्याशी, २०२३ साली झालेल्या पांढुर्णा जिल्ह्याच्या सौंसर तहसिलीत, नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर बोरगाव आहे. या मराठी मुलखातील मुलाला वास्तुशास्त्र शिकावयाचे झाल्यास नागपूर जवळचे. तेथील विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत या विषयाचा पाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. परंतु वास्तू म्हणजे आग्र्याचा ताज किंवा मुंबईचे टोलेजंग मंदिर, आपल्या गावचे मातीचे घर म्हणजे नुसता आडोसा, अशी समजूत बरोबर घेऊन तो वर्गात आला, तर त्याचे शिक्षण तेथेच अडते.

ही अडचण दूर करण्याचा जुना मार्ग मोजणीचा आहे. मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेतील प्राध्यापक क्लॉड बॅटले यांनी भारतीय वास्तू मोजून, त्यांचे आराखडे काढून अभ्यासण्यावर भर दिला. अशा आराखड्यांचा त्यांचा ग्रंथ १९३४ साली प्रसिद्ध झाला. छज्जा किती पुढे आला आहे हे टेप लावून पाहणाऱ्याला तो तेवढाच का आला, हेही उमगू लागते.

याच कलाशाळेत आचऱ्याचे अच्युत कानविंदे शिकले. पुढे ते हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली गेले. ग्रोपियस यांनी १९१९ साली जर्मनीत वायमार येथे बाउहाउस ही शाळा काढली होती. तेथे विद्यार्थी कारागिरांबरोबर कार्यशाळेत काम करीत. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी हेही जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचेच विद्यार्थी. त्यांनी १९६२ साली अहमदाबादेत वास्तुकलेचे विद्यालय स्थापले.

वास्तुशास्त्राच्या वर्गात व्याख्यानाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व स्टुडिओला असते. विद्यार्थी जागा पाहून येतो, कच्चा आराखडा काढतो, पुठ्ठ्याची प्रतिकृती करतो आणि ती शिक्षकांपुढे मांडतो. जिना डोक्याला लागतो, स्वयंपाकघरातला धूर कोंडतो, असे दोष तेथे उघडे पडतात. मग ती प्रतिकृती मोडून पुन्हा करावयाची. ही मोडतोड म्हणजेच अभ्यास होय.

बोरगावच्या मुलाने सुटीत घरी येऊन हाच टेप आपल्या भागातील जुन्या घराला लावावा. मातीची भिंत हात-दीड हात जाड का, कवेलूंचा उतार एवढा का, दुपारची सावली छपरीत कोठवर येते, हे त्याने कागदावर उतरावे. वैशाखात त्या घरात गारवा का राहतो आणि शेजारचे सिमेंटचे छत रात्रीही का तापलेले असते, याचे उत्तर त्याला त्या आकड्यांत सापडेल. मात्र जुन्याचे कौतुक करून थांबणे बरे नव्हे. कवेलू दरसाल चाळावे लागतात, भिंतीला वाळवी लागते, आणि हे कष्ट बहुधा घरच्या बायामाणसांच्याच वाट्याला येतात. पक्क्या घराची त्यांची इच्छा रास्तच आहे.

गारवा राखून हे कष्ट कमी करणारे घर कसे बांधावे, हा बोरगावपुढील खरा प्रश्न आहे. तो सोडविण्यास ओळंबा धरणाऱ्या गवंड्याचा अनुभव आणि विद्यापीठाचे गणित, दोन्ही लागतील. ज्या विद्यार्थ्याने दोन्ही हाताळली, त्याचीच पदवी गावाच्या कामी येईल.