जेवणाबरोबरचें औषध



ज्वारीची भाकरी, तुरीचें वरण, शेंगदाण्याची चटणी आणि तीवर करडईच्या तेलाची धार, हें नांदेड-लातूरकडील नेहमींचें जेवण. धडधाकट माणसाच्या तें अंगीं लागतें. परंतु त्याच पंक्तींत एखादा गृहस्थ असा असतो, कीं तो पोटभर जेवतो आणि तरीही महिनोमहिने वाळत जातो. त्याचें पोट फुगतें. मळ तेलकट, चिकट व दुर्गंधियुक्त होतो. घरचीं माणसें म्हणतात, "तेल-तूप वर्ज्य करा." तो तें वर्ज्य करतो आणि अधिकच खंगतो. शेजारी कुजबुजतात, "दारू पीत असेल."

अशा वेळीं दोष अन्नाचा नसून स्वादुपिंडाचा असण्याचा संभव असतो. जठराच्या मागें आडवी असलेली ही ग्रंथि लहान आंतड्यांत एक रस सोडते. त्यांतील लायपेज हें स्निग्ध पदार्थांचें, प्रोटिएज हें प्रथिनांचें आणि अमायलेज हें पिष्टाचें विघटन करतें. या द्रव्यांस पाचक विकरें म्हणतात. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५६ सालीं स्वादुपिंडावरील आपला प्रबंध प्रसिद्ध करून स्निग्ध पदार्थांच्या पचनांतील या रसाचें महत्त्व दाखविलें. ग्रंथीचा दीर्घकाळ दाह झाला किंवा शस्त्रक्रियेनें ती काढावी लागली, म्हणजे हा रस अपुरा पडतो. मद्य हें या दाहाचें एक मोठें कारण खरें. परंतु मद्यास कधींही न शिवलेल्या तरुणांसही हा विकार होतो, आणि तो आपल्या देशांत दुर्मिळ नाहीं. म्हणून रोग्याच्या शीलाविषयीं तर्क करण्यापूर्वीं त्याच्या मळाची 'इलॅस्टेज' नांवाची तपासणी करून घ्यावी.

रस कमी असेल, तर तो बाहेरून पुरवितां येतो. पॅन्क्रिएटिनच्या कॅप्सूलमध्यें हीच विकरें असतात. प्रौढ रोग्यास मुख्य जेवणाबरोबर साधारणतः ४०,००० ते ५०,००० एकक लायपेज व फराळाबरोबर त्याच्या निम्में देऊन वैद्य आरंभ करतात. नेमकें प्रमाण मात्र त्यांनींच ठरवावें.

या औषधाचा मुख्य नियम एकच: तें अन्नाबरोबर पोटांत गेलें पाहिजे. उपाशीपोटीं घेतलें, किंवा जेवून हात धुतल्यावर तासाभरानें आठवलें, तर तें वायां जातें. पहिल्या घासाबरोबर एक कॅप्सूल घ्यावी. अधिक असल्यास उरलेल्या जेवणाच्या मध्यावर घ्याव्या. आंतील कण चावूं वा कुटूं नयेत. जठरांतील आम्लानें लायपेज नष्ट होतें, म्हणून त्या कणांवर संरक्षक लेप दिलेला असतो. ऊन चहाबरोबर गिळण्यापेक्षां थंड पाणी बरें.

मराठवाड्यांतील उन्हाळ्याचाही विचार केला पाहिजे. वैशाखांत पारा चाळिसावर जातो. विकरें हीं प्रथिनेंच असल्यानें उष्णतेनें निर्बल होतात. पत्र्याच्या छपराखालील फळीवर किंवा उन्हांतील पिशवींत डबी ठेवूं नये. घरांतील थंड, कोरड्या जागीं ठेवावी आणि वेष्टनावरील सूचना पाळावी.

एक नाजूक गोष्ट उरते. पॅन्क्रिएटिन डुकराच्या स्वादुपिंडापासून काढतात. नांदेड-लातूरच्या परिसरांत अनेक धर्मांचे व शाकाहाराचें व्रत पाळणारे लोक राहतात. हें कळतांच कोणी मुकाट्यानें औषध टाकून देतो, आणि वैद्यास वाटतें, औषधानें गुण आला नाहीं. असें करूं नये. मनांतील अडचण वैद्यास स्पष्ट सांगावी, आपल्या धर्मांतील जाणत्या पुरुषासही विचारावें. बाजारांतील पाचक बाटली हा त्याचा पर्याय नव्हे. बुरशीपासून केलेलें डायास्टेज मुख्यत्वें पिष्ट पचवितें, पपईंतील पपेन प्रथिनें पचवितें. तेल-तुपाचें काम त्यांनीं होत नाहीं.

या औषधानें ग्रंथि पूर्ववत् होत नाहीं. तिचें उणें तेवढें भरून निघतें. म्हणून बरें वाटलें तरी तें आपल्या मनानें सोडूं नये. दरमहा वजन करावें. अ, ड, ई आणि के या जीवनसत्त्वांची व रक्तांतील साखरेची तपासणी वैद्यांच्या सल्ल्यानें करावी. नांदेड व लातूर येथें शासकीय वैद्यकीय महाविद्यालयें आहेत; तेथवर जाण्यास संकोच नसावा.

वाळत चाललेल्या माणसाच्या ताटांतील तूप काढून घेण्यापूर्वीं तें त्यास पचविण्याचें साधन मिळालें आहे काय, एवढें घरच्यांनीं पाहावें.