आधी नोंद, मग पावती



गगनबावड्याच्या पावसाची ओळख कोल्हापूर जिल्ह्यात कोणास करून द्यावी लागत नाही. करूळ व भुईबावडा या घाटांच्या माथ्यावरील या गावी आषाढ-श्रावणात ढग रस्त्यावर उतरतात आणि भ्रमणध्वनीचा संपर्क कधी तुटेल याचा नेम राहत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या पिकाची नोंद स्वतः करण्याची सोय शेतकऱ्यास लाभली. मात्र बांधावरून पाठविलेली माहिती दूरच्या संगणकापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. हा वेळ कसा सांभाळला जातो, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी जाणून घेण्याजोगे आहे.

वेबपानांची जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये निर्माण केली. तिच्यात पानाच्या हाती एका वेळी एकच काम असते. म्हणून दूरच्या संगणकाकडे निरोप धाडला की पान उत्तरासाठी खोळंबत नाही, पुढील कामास लागते. एरवी उत्तर येईतो पडदाच गोठून गेला असता.

खोच येथेच आहे. समजा, नोंदणीच्या एखाद्या पानास तीन कामे करावयाची आहेत: छायाचित्र पाठविणे, उत्तरादाखल आलेल्या क्रमांकासह पिकाची माहिती जतन करणे, आणि 'नोंद झाली' असे कळविणे. ही कामे एकाखाली एक लिहिली म्हणजे ती त्याच क्रमाने पुरी होतील, असे नवख्यास वाटते. प्रत्यक्षात ती त्या क्रमाने केवळ सुरू होतात. क्रमांक हाती येण्यापूर्वीच माहिती निघते, आणि छायाचित्र वाटेत असतानाच 'नोंद झाली' हे शब्द पडद्यावर उमटतात. तेवढ्यात संपर्क तुटला, तर शेतकरी निर्धास्तपणे घरी जातो. पुढे अतिवृष्टीचे पंचनामे निघतात, तेव्हा सातबाऱ्यावर पीकच नसते.

यावर २०१५ च्या मानकात 'प्रॉमिस', म्हणजे उत्तराची एक वचनचिठ्ठी, आली आणि २०१७ च्या मानकात 'असिंक' व 'अवेट' हे शब्द आले. 'अवेट' लिहिले की तेवढे कार्य वचन पुरे होईपर्यंत थांबते. बाकीचे पान जागे राहते. दहा गटांच्या नोंदी ओळीने पाठवावयाच्या असल्यास 'फॉर-ईच' ही रचना टाळावी. ती चिठ्ठ्यांची वाट न पाहता दहाही निरोप एकदम सोडून देते. 'फॉर-ऑफ' आवर्तनात 'अवेट' ठेवल्यास एक नोंद पुरी झाल्यावरच दुसरी निघते. गावांची यादी व पिकांची यादी मात्र परस्परांवर अवलंबून नाहीत. त्या 'प्रॉमिस-ऑल'ने एकत्रच मागवाव्यात. नाहक रांग लावण्याचा छंद कचेऱ्यांतून पुरेसा आहे.

रांगेतील तिसरी नोंद अडली, तर ती चूक 'ट्राय' व 'कॅच' या जोडीने पकडावी, पहिल्या दोन पोहोचल्याचे टिपून ठेवावे आणि तिसरीपासून पुन्हा आरंभ करावा. येथेही एक सावधगिरी हवी. कधी नोंद जतन झालेली असते, केवळ तिचे उत्तर वाटेत हरवते. यास्तव प्रत्येक नोंदीस पाठविण्यापूर्वीच स्वतंत्र खूण द्यावी आणि दूरच्या संगणकाने ती तपासावी, म्हणजे तीच नोंद पुन्हा आली तरी दोनदा चढणार नाही.