बोंडअळीला डोकं नाही, आपल्याला आहे

गारखेड्याच्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. गारखेडा आता शहरात गेलं. पण आमच्यातल्या कितीतरी जणींची शेती गावाकडं आहे आणि वेचणीच्या दिवसांत आम्ही तिकडं जातोच. म्हणून आज बोलूया गुलाबी बोंडअळीबद्दल.

२००२ साली बीटी कापूस आला. अळीला मारणारा घटक झाडातच होता. २००६ साली असे दोन घटक असलेलं बियाणं आलं. सुरुवातीला बोंडअळीची फवारणी कमी झाली, सगळे खूश. आणि २०१७ साली काय झालं? बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी. हाती आली ती कवडी. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. किडक्या बोंडातून कापूस ओढून काढण्यात दिवस जातो आणि वजन भरत नाही. नुकसान शेतमालकाचं झालं, तसंच वेचणाऱ्या बाईचंही झालं.

तेव्हा आमच्या बैठकीत एक आजी म्हणाल्या, "अळी माणसापेक्षा हुशार निघाली गं!" पण अळीनं काही ठरवलं नव्हतं. पीठ चाळताना चाळणीला कुठं कळतं कोंडा कोणता ते? तरी कोंडा वेगळा होतो. तसंच हे. लाखो अळ्यांत दोन-चार जन्मतःच अशा असतात, की त्यांना बीटी बाधत नाही. बाकीच्या मरतात, या उरतात. उरलेल्यांचे पतंग एकमेकांशीच जुळतात आणि पिल्लंही तशीच निघतात. एका हंगामात अशा कितीतरी पिढ्या होतात. निसर्गाचं हे काम आंधळं आहे, पण ते थांबत नाही.

शास्त्रज्ञांना हे आधीच माहीत होतं. म्हणून बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बी मिळायचं, शेताच्या कडेनं लावायला. त्यावर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांशी उरलेल्यांची जोडी जमावी आणि होणारी पिल्लं बीटी खाऊन मरावीत, असा तो बेत. आणि आम्ही काय केलं? "अळीसाठी कशाला झाडं लावायची?" म्हणून ते छोटं पाकीट माळ्यावर टाकलं. कुणी फेकूनच दिलं. बेत चांगला होता, पण त्याचं कारण आम्हाला कुणी समजावलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

हिरवी बोंडअळी तूर खाते, हरभराही खाते. तिला असा आसरा आपोआप मिळतो. गुलाबी अळी मात्र आपल्याकडं कापसावरच जगते. म्हणून तिच्यावरची चाळण जास्त कडक.

बेत सगळ्यांनी पाळला तर काय होतं? अमेरिकेत अॅरिझोनाच्या शेतकऱ्यांनी बीटीशेजारी बिगर-बीटी कापूस राखला. पुढं वांझ केलेले पतंग सोडले. २०१८ साली तिथल्या सरकारनं आपल्या कापूसपट्ट्यातून गुलाबी अळी संपल्याचं जाहीर केलं.

आपल्या हातात काय आहे? जूनच्या आधी कापूस लावायचा नाही. बिगर-बीटी बी वेगळं आलं तर ते लावायचंच. एकरी दोन कामगंध सापळे लावायचे. एका सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग दिसले, की उपाय करायचा. पाकळ्या मिटलेली डोमकळी दिसली की तोडून नष्ट करायची. डिसेंबरनंतर फरदड नको. आणि पऱ्हाटी! सरपण म्हणून आपणच तिचे ढीग बांधावर रचतो आणि त्यातल्या बोंडांत अळी पावसाळ्याची वाट बघत झोपते. ती पावसाळ्याआधी संपवा.

एकटीनं केलं तर शेजारच्या शेतातून पतंग येतातच. म्हणून येत्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला, की एक प्रश्न जरूर घ्या: आपल्या गावात फरदड कोण ठेवतं आणि त्यांच्याशी बोलायला कोण जाणार?