घटना, निष्ठा आणि माणूस
(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



जग बदलते कसे आणि त्या बदलात माणसाचे स्थान कोणते, या प्रश्नाचा आयुष्यभर विचार करणारे फ्रेंच तत्त्वज्ञ म्हणजे आलाँ बादियू. त्यांचा जन्म १९३७ साली मोरोक्कोतील रबात येथे झाला. 'सत् आणि घटना' असे ज्याचे नाव मराठीत सांगता येईल, तो त्यांचा प्रमुख ग्रंथ १९८८ साली प्रसिद्ध झाला. आम्ही काही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक नव्हे. वाचून जे उमगले, ते आपल्या भाषेत मांडण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

बादियूंच्या मते कोणतीही व्यवस्था ही एक मोजदाद असते. कोणाची गणती करायची आणि कोणाची जागा कोणती, हे ती ठरविते. आम्हां बँकेतल्या माणसांना हे चटकन कळते. ज्याचे खाते नाही तो माणूस काउंटरपुढे तासभर उभा असला, तरी खातेवहीच्या लेखी तो नसतोच. परदेशातून येऊन पॅरिसमध्ये राबणारे, पण कागदपत्रे नसलेले कामगार असेच गणतीबाहेरचे. बादियू आणि त्यांचे सहकारी त्यांच्या हक्कांसाठी अनेक वर्षे झटले.

लहानसहान फेरफार तर रोजच होतात. त्यांना बादियू खरा बदल मानत नाहीत. ज्यांची गणतीच नव्हती ते समोर येऊन उभे राहतात आणि जुन्या हिशेबात न बसणारे काही घडते, त्याला ते 'घटना' म्हणतात. त्यांचे एक उदाहरण पॅरिस कम्यूनचे आहे. १८ मार्च १८७१ रोजी सरकारी सैन्य माँमार्त्रच्या टेकडीवरील तोफा न्यायला आले. स्त्री-पुरुषांनी त्यांना अडविले. राज्यकारभार हे कामगारांचे काम नव्हे, असे तोवर सारे धरून चालले होते. त्याच कामगारांनी ७२ दिवस पॅरिसचा कारभार पाहिला. मे महिन्याच्या अखेरीस हजारोंची कत्तल होऊन कम्यून बुडाला.

मग उरले काय? बादियूंचे उत्तर एका शब्दाचे आहे : निष्ठा. घटना खरी होती याचा पुरावा जुन्या वहीत सापडत नाही. कोणीतरी पुढे होऊन 'हे घडले' असे म्हणावे लागते आणि त्याचे परिणाम एकेक करून जगावे लागतात. जो हे करतो तो 'कर्ता'. माणूस जन्मतःच कर्ता नसतो. निष्ठेने तो कर्ता होतो. २००६ सालच्या ग्रंथात ते आणखी दोन प्रवृत्ती सांगतात. एक म्हणते, 'त्या उठावाची गरजच नव्हती, सुधारणा हळूहळू झालीच असती.' दुसरी प्राचीन वैभवाच्या नावाने घटनेच्या खुणाच पुसू पाहते.

हे वाचताना आम्हांला महाड आठवले. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ सालचा. तळ्याचे पाणी मात्र आपल्या ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब आणि त्यांच्यामागून हजारो माणसे चालत गेली तेव्हा. ठराव वहीत होता. माणसे वहीत नव्हती. पुढे तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, ठराव मागे घेण्यात आला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. ती दहा वर्षे म्हणजेच निष्ठा.

बादियूंचा कर्ता आणि तथागतांचा अनात्मवाद यांत आम्हांला जवळीक दिसते. आत कोणी कायमचा 'मी' बसलेला नाही. कृतीतून माणूस घडतो. मात्र एका मुद्द्यावर आमचा मतभेद आहे. घटना परिस्थितीतून आधी काढता येत नाही, ती अवचित येते, असे ते मानतात. प्रतीत्यसमुत्पाद सांगतो की कारणावाचून काही उद्भवत नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. मधली २१ वर्षे अभ्यासाची आणि तयारीची होती. घटना आकाशातून पडत नाही. ती सिद्धही करावी लागते.

आता स्वतःविषयी एक कबुली. बदलीच्या गावी भाड्याची खोली मिळावी म्हणून आम्ही एकदा बाबासाहेबांची तसबीर ट्रंकेत ठेवली होती. खोली मिळाली. तसबीर ट्रंकेतून भिंतीवर यायला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत आम्ही २२ प्रतिज्ञा विसरलो नव्हतो, त्या तोंडपाठ होत्या. पण आम्ही कर्ते नव्हतो. 'आम्हांला नोकरी गुणवत्तेवर मिळाली, चळवळीचा काय संबंध?' असे म्हणणारे आपले सुशिक्षित बांधव आणि आम्ही यांत त्या वेळी फारसे अंतर नव्हते.

विद्यार्थी मित्रहो, दरवर्षी दीक्षाभूमीला जाणे चांगलेच आहे. पण परतल्यावर पंधराव्या ऑक्टोबरला आपण काय करतो, यावर निष्ठा ठरते. वस्तीतल्या एका मुलाला रोज तासभर शिकविणे, लग्नात हुंडा नाकारणे, आपले नाव विचारले असता ते पूर्ण सांगणे, ही कामे लहान दिसतात. पण चौदा ऑक्टोबर खरा ठरतो तो अशा कामांतूनच.