अरुंद आणि ठळक अक्षर

कल्याण स्थानकापुढें मध्य रेल्वेचा मार्ग दुभंगतो. एक फांटा कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. दोन्ही नांवांचें आद्याक्षर 'क'च! घाईंतल्या उतारूला फलक क्षणभरच दिसतो. अक्षर चुकलें कीं गाडी चुकते.

थोड्या जागेंत मोठें नांव बसावें म्हणून पाश्चात्य मुद्रकांनीं १९ व्या शतकांत टोकांना शेपट्या नसलेलें, ठळक व अरुंद अक्षर रूढ केलें. रोमन अक्षर बाजूंनीं आवळलें तरी बरेंचसें निभावतें. देवनागरीचें तसें नाहीं. श्रोत्यांनीं 'कर्जत' हा शब्द डोळ्यांपुढें आणावा. रेघ जाड होतांच 'क'च्या पोटांतली पांढरी जागा बुजते आणि शिरोरेघेवरचा रफार गुदमरतो. 'ध'च्या माथ्यावरील फट मिटली, तर तो 'घ' भासतो.

म्हणून जाणता कारागीर अक्षर नुसतें दाबीत नाहीं. उभा दंड तो जाड ठेवतो. पण रेघा जेथें मिळतात तेथें त्या बारीक करून आंतली पोकळी राखतो. मुंबईच्या 'एक टाइप' या गटानें २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'अनेक' या टंकांत अरुंदापासून ऐसपैसापर्यंत, बारीकापासून ठळकापर्यंत देवनागरी अक्षरें मिळतात.

फलकावर रंग किती चढविला यापेक्षां पांढरी जागा किती राखली, यावरच कसाऱ्याचा उतारू कसाऱ्याच्या गाडींत चढतो.