गाडी लागते, की धूर लागतो?

मी सायखेड्याहून बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून मी काम करते. एरवी मी तुमच्याशी कर्जफेड, हिशेबवही, पापड-मसाल्याचं पॅकिंग यावर बोलते. आज मी गाडीच्या सायलेन्सरवर बोलणार आहे. हसू नका. सायलेन्सर हा पुरुषांचा विषय आहे असं मलाही वाटायचं. पण त्या गाडीत आपण बसतो, आपली पोरं बसतात, आणि पैसा गटाचा असतो. मग विषयही आपलाच झाला.

आमच्या गटाकडे एक जुनी ओम्नी आहे. कुरडया, पापड, बेदाणा आणि मसाले घेऊन नाशिकला प्रदर्शनात जायचं, ओझर-निफाडच्या दुकानांत माल द्यायचा, एवढ्यासाठी वर्गणी काढून घेतलेली. ही गाडी १९८४ साली मारुती व्हॅन या नावाने आली आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी जुनीच आहे. तिचं इंजिन कुठे असतं माहीत आहे का? पुढच्या सीटच्या खाली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आमच्या गटात एक तरुण सून आहे. हिशेबाला चोख, बोलायला गोड. प्रदर्शनात तिच्यासमोरचं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जात नाही. पण नाशिकला जाताना चांदोरी ओलांडली की तिचं डोकं दुखायला लागायचं. पुढे गेलं की मळमळ, कधी उलटी. आम्ही सगळ्या म्हणायचो, "तिला गाडी लागते." लिंबू हुंगायला दे, आलेपाकाची वडी दे, असं चाललं. तिचं दोन वर्षांचं लेकरू मांडीवर असायचं. ते मात्र गाडी सुरू झाली की लगेच झोपायचं. आम्ही कौतुक करायचो, "किती गुणी पोर आहे, प्रवासात त्रासच देत नाही."

शेवटी ती म्हणाली, "ताई, मी आता प्रदर्शनाला येत नाही. मला सोसत नाही." तिची रोजची हजेरी गेली, तिचा वाटा गेला. आम्ही नाइलाज म्हणून सोडून दिलं.

मग एक दिवस तिच्या जागेवर, पुढच्या सीटवर, मी बसले. मला आयुष्यात कधी गाडी लागलेली नाही. त्या दिवशी नाशिकला उतरताना माझं डोकं ठणकत होतं आणि पाय जड झाले होते. तेव्हा कुठे माझ्या मनात शंका आली.

आमच्या गटातल्या एका काकूंचे दीर एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. त्यांना आम्ही सगळ्या अण्णा म्हणतो. अण्णांनी गाडीचा आवाज ऐकला आणि पहिला प्रश्न विचारला, "पुढे बसणाऱ्याचं डोकं दुखतं का?"

मैत्रिणींनो, पेट्रोल जळताना जो धूर निघतो त्यात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतो. मग श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन कमी पडतो. आधी डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, मग गुंगी येते. जास्त झालं तर माणूस झोपेतच जातो. लहान मुलं आणि गरोदर बाई यांना धोका जास्त. अण्णांनी हे सांगितलं तेव्हा आम्ही सगळ्या गप्प झालो. पोर गुणी म्हणून झोपत होतं की धुराने, हे आता कोणीच सांगू शकत नाही. पण त्या दिवसापासून मला ते कौतुक आठवलं की पोटात गोळा येतो.

आता धूर आत कसा आला ते बघू. इंजिनातून जळका वायू आधी मॅनिफोल्डमध्ये येतो. तिथून पुढचा पाइप, मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मग सायलेन्सरचा डबा आणि शेवटी मागची नळी. प्रत्येक जोडावर पॅकिंग असतं. आपल्या प्रेशर कुकरला जशी रिंग, तसंच हे. कुकरची रिंग गेली की वाफ शिटीऐवजी कडेने निघते. इथे पॅकिंग गेलं की धूर मागच्या नळीऐवजी जोडातून निघतो. आणि आमच्या गाडीत पहिला जोड बरोबर सीटखाली. दोष गाडीचा नव्हता. तिचं वय झालं होतं आणि आम्ही कधी खाली वाकून बघितलं नव्हतं.

मी अण्णांना म्हटलं, "पण आपली पीयूसी तर चालू आहे." ते म्हणाले, "पीयूसीवाला मागच्या नळीत तपासतो. पुढे जोडातून गळतंय ते त्याच्या यंत्राला दिसत नाही." पीयूसी हवीच. जुन्या गाडीला ती दर सहा महिन्यांनी काढावी लागते, बीएस-४ आणि त्यापुढच्या गाडीला वर्षाने. नसेल तर कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पण पीयूसीचा कागद आहे म्हणजे आत बसणारा सुरक्षित आहे, असं समजू नका.

आम्ही आधी हायवेवरच्या एका गॅरेजला गाडी दाखवली होती. त्यांनी वरवर बघून सांगितलं, सगळं पुढपासून मागपर्यंत बदला, ११,००० रुपये. गटाच्या गाडीखात्यात होते १,५००. कोणी म्हणालं कर्ज काढू, कोणी म्हणालं गाडी विकून टाकू. अण्णा म्हणाले, "आधी कुठे गळतंय ते शोधा. सगळंच कसं खराब असेल?"

ते शोधायची पद्धत साधी आहे, ती सांगते. सकाळी इंजिन थंड असताना, मोकळ्या जागेत गाडी सुरू करायची. न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून. एकीने जाड ओल्या फडक्याची गुंडाळी मागच्या नळीच्या तोंडाशी चार-पाच सेकंद दाबून धरायची. तेवढ्यात दुसरीने कान द्यायचा. जिथे भोक आहे तिथून फुस्स आवाज येतो. मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलं असेल तर थंड इंजिनात टिकटिक ऐकू येते, इंजिन तापलं की ती कमी होते. म्हणून तपासणी थंड असतानाच करायची. जोडाभोवती काजळीचा काळा डाग दिसला तर तीही खूण. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरायचं नाही. खाली भक्कम स्टँड हवेत, नाहीतर ते काम गॅरेजच्या रॅम्पवरच करा.

आमच्या गाडीत तीन ठिकाणी गळती निघाली. मॅनिफोल्डचं पॅकिंग, पुढच्या पाइपच्या जोडाची रिंग आणि मागचा डबा गंजून पडलेलं भोक. कन्व्हर्टर चांगला होता. म्हणजे ११,००० मधला मोठा खर्च नको असलेलाच होता.

मग बैठकीत प्रश्न आला, पैसे थोडे आहेत तर आधी काय करायचं? बहुतेक जणी म्हणाल्या डबा बदला, आवाज त्याचाच येतो, लोक वळून बघतात. अण्णांनी उलट सांगितलं. मागच्या भोकाने आवाज होतो, पुढच्या जोडाने माणूस आजारी पडतो. पहिला पैसा सीटखालच्या जोडाला. आम्ही तसंच केलं.

पहिल्या टप्प्यात मॅनिफोल्डचं पॅकिंग २२० रुपये, रिंग १२०, नवे स्टड आणि नट १८०, गंज सैल करणारा स्प्रे १६०, मजुरी ५००. एकूण १,१८०. पुढचे पंधरा दिवस गाडीने फक्त माल नेला. डब्याच्या भोकावर पत्रा गुंडाळून क्लॅम्प आवळला, काचा उघड्या ठेवल्या, आणि ड्रायव्हरशिवाय कोणी बसलं नाही. मग महिन्याच्या बचतीतून दुसरा टप्पा केला. साध्या कंपनीचा नवा डबा १,६५०, चार हँगर रबर १८०, मागच्या नळीचं वेल्डिंग २००, मजुरी ४००. एकूण २,४३०. दोन्ही मिळून ३,६१० रुपये. दर तुमच्याकडे वेगळे असतील, पण क्रम हाच ठेवा.

कुठे पैसे वाचवायचे आणि कुठे नाही, तेही सांगते. जुनं पॅकिंग परत बसवू नका. ते एकदा दबलं की पुन्हा नीट बसत नाही. गंजलेले नट जोर लावून फिरवू नका. आदल्या रात्री स्प्रे मारून ठेवा, सकाळी हळूहळू सोडवा. स्टड इंजिनाच्या हेडमध्ये तुटला तर शंभराचं काम हजारांवर जातं. नवे नट आवळताना मधून बाहेर, थोडे थोडे, सगळे सारखे आवळायचे, आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा बघायचे. हँगर रबर छोटं दिसतं, पण ते तुटलं की डब्याचा सगळा भार जोडावर येतो आणि नवं पॅकिंगही फाटतं.

भंगारातला डबा स्वस्त मिळतो, पण हातात धरून हलवून बघा. आत खडखड वाजलं तर आतले पडदे सुटलेत, घेऊ नका. डबा बहुतेक वेळा आतून गंजतो. कारण एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफ होऊन निघतं. गाडी लांब चालली तर डबा तापतो आणि वाफ उडून जाते. आपण गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर फिरवली तर तेच पाणी डब्यात साचतं. पुष्कळ डब्यांना खाली एक बारीक भोक असतं, ते हे पाणी निघायला असतं. गळतंय समजून ते वेल्ड करू नका. आणि आपल्या गोदाकाठाला वेगळं सांगायला नको, २०१९ च्या ऑगस्टमधला पूर सगळ्यांना आठवतो. जुनी गाडी घेताना ती पुरात उभी होती का, हे जरूर विचारा. आम्ही विचारलं नव्हतं.

कन्व्हर्टर खराब झाला असला तरी तो "टाकून देतो" म्हणणाऱ्याला फुकट देऊ नका. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात, त्याला भंगारात वेगळा भाव मिळतो. आणि तो काढून नुसता पाइप बसवा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. विषारी धूर कमी करण्याचं कामच तो करतो.

आता एक चूक, जी आपण सगळ्याच करतो. माल जास्त झाला की मागचं दार उघडं ठेवून दोरीने बांधतो. मला वाटायचं, तेवढीच हवा खेळते. खरं तर चालत्या गाडीत मागच्या उघड्या दारातून धूर उलटा आत ओढला जातो. सायलेन्सर नवा असला तरी हे होतं. म्हणून मागचं दार बंदच ठेवा, दोन फेऱ्या झाल्या तरी चालतील. बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवून माल भरू नका. आणि गाडीत दोघी-तिघींचं डोकं एकदम दुखायला लागलं, तर गाडी थांबवा, इंजिन बंद करा, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना धुराचं स्पष्ट सांगा. नाहीतर तेही पित्ताची गोळी देतील.

काम झाल्यावर मी त्या सुनेच्या घरी गेले. तिच्या सासूबाईंसमोर सांगितलं, "हिला गाडी लागत नव्हती. आपल्या गाडीतच खोट होती आणि आम्ही हिचं ऐकलं नाही." पुढच्या प्रदर्शनाला ती आली, पुढच्याच सीटवर बसली. नाशिक आलं तरी डोकं दुखलं नाही. पोर मात्र आता झोपत नाही. चांदोरीपासून सुरू होतं, हे काय, ते काय, ट्रक कुठे चालला. सगळ्या आळीपाळीने उत्तरं देतात.

तुमच्या गटाकडे, घरी, किंवा मुलं शाळेत जातात ती व्हॅन जुनी असेल, तर येत्या बैठकीच्या दिवशी सकाळी ती फडक्याची तपासणी करून बघा. पाच मिनिटं लागतात, पैसा लागत नाही. आणि कोणी म्हणालं की गाडीत मला कसंतरी होतं, तर लिंबू देण्याआधी तिला विचारा, कुठे बसली होतीस?

येते मी. रामराम.