जिताड्याच्या कानातील खडा सांगतो नदी-समुद्राचा प्रवास

(साकीनाका, मुंबई येथे राहणाऱ्या कोकणातील शेतकरी कुटुंबांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी बरेचजण कामधंद्यासाठी साकीनाक्यात राहतात; पण भातखाचरे आणि घराजवळची तळी पेण-अलिबागकडे आहेत. या तळ्यांत जिताडा वर्षानुवर्षे पाळला जातो. तळ्यातला जिताडा चांगला मोठा होतो, मग त्याची पिल्ले तळ्यात का होत नाहीत, असा प्रश्न नेहमी विचारला जातो.

याचे कारण असे की जिताड्याची वीण खाऱ्या पाण्यातच, नदी-खाडीच्या मुखाजवळ होते. पिल्ले भरतीबरोबर खाडीत शिरतात आणि त्यांतील काही पुढे गोड्या पाण्यात जातात. जिताडा आधी नर असतो व काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे मोठे जिताडे बहुतेक माद्याच असतात.

पण एखादा मासा नक्की कोठे वाढला, हे कसे ओळखावे? इवल्याशा पिल्लाला खुणेची पट्टी बांधता येत नाही. निसर्गाने मात्र खूण ठेवलेली आहे. ढोमीचे डोके खाताना पांढरे दगड लागतात, हे आपल्या गृहिणींना ठाऊक आहे. तसेच, पण लहान खडे जिताड्याच्या डोक्यातही असतात. हे कानातील खडे चुन्याच्या घटकांचे असून त्यांवर झाडाच्या खोडाप्रमाणे थरावर थर चढतात. एकदा बसलेला थर पुन्हा विरघळत नाही.

पाण्यातील स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य या थरांत साठते. त्याचे ८७ व ८६ वजनाचे दोन समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू, मोजतात. समुद्रात त्यांचे प्रमाण जगभर जवळजवळ एकच, सुमारे ०.७०९२ असते. नदीत ते खडकावर अवलंबून असते. दख्खनच्या काळ्या कातळावरून येणाऱ्या पाण्यात ते सामान्यतः समुद्रापेक्षा कमी, तर जुन्या ग्रॅनाइटच्या मुलखात जास्त असते. खडा राळेत बसवून, घासून, गाभ्यापासून कडेपर्यंत लेसर किरणाने तपासला की जन्मापासूनचा प्रवास क्रमाने वाचता येतो.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम स्ट्रॉन्शियम असते. नदीत त्यापेक्षा फारच कमी. त्यामुळे थोडे खारे पाणी मिसळले तरी खूण समुद्रासारखी दिसते. खाडीतला मुक्काम ओळखण्यासाठी स्ट्रॉन्शियमबरोबर बेरियमही मोजावे लागते.

ऑस्ट्रेलियात जिताड्याला बॅरामंडी म्हणतात. तेथील क्वीन्सलंडमध्ये आणि पापुआ न्यू गिनीतील फ्लाय नदीवर या माशाचे खडे असे तपासले गेले. दोन्हींचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. सगळे मासे एकच वाट धरत नाहीत, असे त्यातून दिसले. काही गोड्या पाण्यात जातात, काही खाऱ्या पाण्यातच राहतात, आणि नदीत गेलेले सगळेच विणीसाठी परत येतात असे नाही.

यातून आपण काय घ्यावे? खाडीतले प्रत्येक पिल्लू समुद्राकडून आलेले असते. वाट बंद झाली तर गोड्या पाण्यात वाढणारा हिस्सा तुटतो. मिठी नदीच पाहा. विहार-पवईच्या तलावांतून ओसंडणारे पाणी घेऊन ती आपल्या साकीनाक्याजवळून माहीमच्या खाडीला जाते. पण वाटेत तिचा नाला झाला आहे. गावाकडच्या खाड्यांचे तसे होऊ देऊ नका. त्यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) खारबंदिस्तीच्या उघाडीची दुरुस्ती करताना, भाताला खारे पाणी लागणार नाही अशा बेताने माशांना ये-जा करता येईल का, हे गावकीने खारभूमी खात्याच्या अभियंत्यांना विचारावे.

२) पावसाळ्यात खाडीत बारीक आसाचे जाळे लावू नये. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याची बंदिस्त वीण साधली आहे. तळ्यासाठी उबवणी केंद्रातील बीज घ्यावे, म्हणजे खाडीवरचा ताण कमी होईल.

३) खाडीमुखाशी मिळालेली मोठी मादी जिवंत असल्यास विणीच्या हंगामात सोडून द्यावी.

४) कोणी खडे जमवू इच्छित असेल तर रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय किंवा वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था येथील शास्त्रज्ञांशी आधी बोलावे. खडे स्वच्छ पाण्याने धुऊन, सुकवून कागदी पाकिटात ठेवावेत. फॉर्मेलिन किंवा व्हिनेगरमध्ये ठेवू नयेत, ते झिजतात. पाकिटावर तारीख, ठिकाण, माशाची लांबी व वजन लिहावे. नोंद नसलेल्या खड्याचा फारसा उपयोग होत नाही.

मासा आपला प्रवास स्वतःच लिहून ठेवतो. तो प्रवास पुढेही चालू राहावा, यासाठी त्याची वाट मोकळी ठेवणे आपल्या हाती आहे.